लूपमध्ये डबा फक्त स्पीडवर टिकतो? नाही हो

रोलर कोस्टरचा स्पीड लूपमध्ये, म्हणजे डबा उलटा होऊन पूर्ण वळसा घेतो तिथे, जरा कमी झाला की डबा खाली पडतो असा मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. डब्याला रुळाच्या वर, बाजूला आणि खालून अशी तिन्हीकडून चाकं असतात, खालच्या चाकांचं पेटंट कोस्टर डिझायनर जॉन मिलरने 1919 च्या सुमारासच घेतलेलं, त्यामुळे स्पीड कमी पडला तर डबा मागे घरंगळेल किंवा अडकेल पण रूळ सोडणार नाही. आणि लूप गोल नसतो बरं का, थेंबासारखा असतो, कारण पूर्ण गोल केला तर आत शिरतानाच मानेवर भयंकर जोर येतो. 1976 च्या अमेरिकेतल्या रिव्होल्यूशन नावाच्या कोस्टरमध्ये कोस्टर बनवणारे श्वार्झकॉफ आणि इंजिनियर श्टेंगेल यांनी हाच आकार वापरला, मला तर ते डिझाईन फार आवडतं.