छिद्र किती अरुंद आहे, एवढं विचारून भागत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर. ‘अरुंद जागेत कोंडलं की आयनिक द्रव गोठतात’ हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्हाला खटकलं. (आयनिक द्रव म्हणजे कमी तापमानालाही द्रव राहणारे क्षार; त्यात नुसते धन आणि ऋण आयन असतात.) सूक्ष्म छिद्रात द्रवणांक खाली येतो, हे गिब्ज-थॉमसन समीकरण तुम्ही वर्षानुवर्षं शिकवलंय. शिवाय द्रव गोठतच असेल तर त्याच लेखात मी सुपरकपॅसिटरचं, म्हणजे सच्छिद्र कार्बनमध्ये आयन गोळा करून वीज साठवणाऱ्या साधनाचं, कौतुक कसं केलं, हा तुमचा दुसरा सवाल.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. वाक्य सरसकट होतं. आज ते बदललंय. पण ‘खाली येतो’ हेही तितकंच सरसकट आहे. समीकरणातलं चिन्ह भिंत ठरवते. भिंतीला द्रव अधिक मानवत असेल तर द्रवणांक उतरतो, स्फटिक मानवत असेल तर चढतो. काचेच्या नॅनोछिद्रांत भरलेल्या आयनिक द्रवांचा द्रवणांक उतरतो, हे जपानी संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं. ते तुमच्या बाजूचं. पुढच्याच वर्षी चिनी संशोधकांनी ब्युटाइल-मिथाइल-इमिडॅझोलियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट कार्बनच्या नॅनोनळ्यांत भरलं. एरवी 10 अंश सेल्सियसच्या आसपास वितळणारा हा पदार्थ नळ्यांत स्फटिक होऊन बसला आणि 200 अंशांच्या वर जाईपर्यंत वितळेना! तो स्फटिकही वेगळ्या रचनेचा होता.

असं का व्हावं, यावर मला सर्वात पटलेला प्रयोग पॅरिसचा, 2017 चा. संशोधकांनी ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा छोटा चिमटा) लावलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या टोकाने द्रवाचा थर भिंतीवर दाबत नेला. एका ठरावीक जाडीखाली तो घनासारखा वागू लागला. भिंत जितकी धातूसारखी, तितक्या जाड थरात हे घडलं. अभ्रक विजेचा रोधक. त्यावर थर फार पातळ व्हावा लागला, प्लॅटिनमवर पुष्कळ जाड असतानाच गोठला. धातूतले इलेक्ट्रॉन मोकळे असतात. आयन जवळ आला की भिंतीत विरुद्ध प्रभाराची प्रतिमा तयार होते, आणि याचा फायदा द्रवापेक्षा स्फटिकाला अधिक मिळतो, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे.

कार्बनही वीज वाहून नेतो, तरीही ‘कार्बन म्हणजे गोठणार’ असा नियम मी बांधणार नाही. काही नॅनोमीटर रुंद छिद्रांच्या कार्बनमध्ये न्यूट्रॉन प्रकीर्णनाने (न्यूट्रॉन आदळून कसे विखुरतात यावरून) आयनांची हालचाल पाहिली, तेव्हा काही आयन भिंतीला जवळपास चिकटून होते आणि उरलेले मोकळ्या द्रवातल्यापेक्षा वेगाने फिरत होते. एकाच छिद्रात दोन्ही! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं होतं.

आता सुपरकपॅसिटर. तिथे छिद्र आयनाएवढंच असतं, त्यामुळे आत स्फटिक रचायला जागाच उरत नाही. 2008 मध्ये तुलूझ आणि फिलाडेल्फियाच्या गटांनी कार्बाइडपासून केलेल्या कार्बनमध्ये आयनिक द्रव वापरून मोजमाप केलं, तेही 60 अंशांवर. धारकता (प्रभार साठवण्याची क्षमता) सर्वाधिक आली ती 0.7 नॅनोमीटरच्या छिद्रांत. आयनांची लांबीही साधारण तेवढीच. एरवी सजातीय आयन एकमेकांना दूर ढकलतात. इथे भिंतीतले प्रतिमा-प्रभार ते ढकलणं दाबून टाकतात, म्हणून एकाच चिन्हाचे आयन शेजारी बसू शकतात. जी भिंत रुंद जागेत गोठवते, तीच अतिअरुंद जागेत दाटीने बसवते. विसंगती मला इथे दिसत नाही.

एका बाबतीत मात्र तुमची शंका अगदी रास्त आहे: इतक्या दाटीत चार्जिंग जलद कसं होणार? संगणकीय सादृश्यीकरणात असं दिसतं की व्होल्टेज एकदम लावलं, तर बाहेरचे आयन छिद्राच्या तोंडाशी गर्दी करतात आणि आतले नको असलेले अडकून पडतात. तेच व्होल्टेज हळूहळू चढवलं, तर वाट मोकळी राहते आणि चार्जिंग उलट लवकर पूर्ण होतं. लेखात हे यायला हवं होतं. पुढच्या भागात याच्यावरच लिहितोय.