अँटिबायोटिकचे जुलाब म्हणजे ‘उष्णता बाहेर पडणं’ नव्हे

“अँटिबायोटिकने जुलाब लागले तर औषधाची उष्णता बाहेर पडते. कोर्स पुरा करा, जुलाब थांबवायची गोळी घ्या, ताक प्या.” हा मेसेज सोलापुरात घरोघरी पुढे पाठवला जातो. तो पाळला तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं.

उष्णतेचा इथे काही संबंध नाही. अँटिबायोटिक रोगजंतूंसोबत आतड्यातले उपयोगी जंतूही मारतं. बहुतेकांचे जुलाब सौम्य असतात, औषध संपलं की थांबतात. मेसेजात खरं आहे ते एवढंच. पण रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जंतू वाढला तर त्याची विषं मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणतात, जखमा करतात. क्लिंडामायसिन, सेफिक्झिमच्या गटातली औषधं, सिप्रोफ्लॉक्सासिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांनी हा धोका जास्त वाढतो आणि कोर्सनंतरही सुमारे ३ महिने राहतो. म्हणून एप्रिलात “ऊन बाधलं” किंवा “शेंगाचटणी भोवली” म्हणण्याआधी फेब्रुवारीत दाढेसाठी घेतलेल्या गोळ्या आठवा आणि डॉक्टरांना सांगा.

जुलाब थांबवायची गोळी, म्हणजे लोपेरामाइड, हा सगळ्यात घातक सल्ला. आतड्याची हालचाल मंदावते, विष आतच राहतं. पोट फुगलं आणि जुलाब अचानक कमी झाले, तर ते बरं होणं नसून आतडं ताणलं गेल्याची खूण असू शकते. तडक सिव्हिल गाठा.

कोर्स रेटायचा का? २४ तासांत ३ किंवा जास्त पातळ जुलाब, ताप, कळा किंवा रक्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. शक्य असेल तर मूळ औषध बंद करणं किंवा बदलणं हाच उपचाराचा पहिला भाग. तपासणी पातळ शौचाचीच होते. लागण निघाली तर डॉक्टर व्हँकोमायसिन तोंडाने देतात: १२५ मिलिग्रॅम, दिवसातून ४ वेळा, १० दिवस. शिरेतून दिलेलं आतड्यात पुरेसं पोहोचत नाही. काहींना लागण पुन्हा होते. जुलाब परतले तर लगेच दाखवा.

ताक प्यायला हरकत नाही, पण त्याने ही लागण जात नाही. सोलापूरच्या उन्हात ओआरएस हवंच: १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात.

घरातल्यांनी सॅनिटायझरवर विसंबू नये. या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक कवचातलं सुप्त रूप, अल्कोहोलने मरत नाहीत. हात साबण-पाण्याने धुवा, संडास ब्लीचने.