आइसलँडने बँका बुडू दिल्या, मग बिल कोणी भरले?

आइसलँडविषयीचा एक संदेश गेली अनेक वर्षे अधूनमधून डोके वर काढतो. एखाद्या सहकारी बँकेवर निर्बंध आले, किंवा सरकारी बँकांना केंद्राने भांडवल दिल्याची बातमी आली, की सोलापुरातल्या यंत्रमागधारकांच्या, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आणि ठेवीदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर तो पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, पण मजकुराचा गाभा असा असतो: ‘२००८ मध्ये आइसलँडने बुडणाऱ्या बँकांना एक पैसाही दिला नाही. सरकारने जनतेची गृहकर्जे माफ केली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला दारातूनच परत पाठवले, परदेशी देणी नाकारली, बँकर आणि पंतप्रधानांना तुरुंगात टाकले, आणि तीन वर्षांत देश उभा राहिला. माध्यमे हे तुम्हाला सांगणार नाहीत. भारतानेही बँकांना पैसा देणे बंद करावे.’

यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यात सत्याचा एखादा अंश आहे, आणि म्हणूनच हा संदेश इतकी वर्षे टिकला आहे. परंतु आइसलँडने संकटाचे बिल नाकारले, हा त्यातून निघणारा अर्थ खरा नाही. त्या देशाने बिल कोणी किती भरायचे याची वाटणी वेगळ्या रीतीने केली, आणि त्या वाटणीतला मोठा हिस्सा महागाईच्या वाटेने सामान्य कुटुंबांकडेच आला.

बँकांना एक पैसाही दिला नाही, हे विधान कालक्रमालाच धरून नाही. २९ सप्टेंबर २००८ रोजी आइसलँडच्या सरकारने ग्लिटनिर या बँकेचा ७५ टक्के हिस्सा ६० कोटी युरोंना घेण्याची घोषणा केली होती. म्हणजे पहिली प्रतिक्रिया बँक वाचवण्याचीच होती. बाजाराने त्या घोषणेवर विश्वास ठेवला नाही आणि आठवड्याभरात परिस्थिती हाताबाहेर गेली. ६ ऑक्टोबरला संसदेने आणीबाणीचा कायदा मंजूर केला, आणि त्याच दिवशी मध्यवर्ती बँकेने काउपथिंग या सर्वांत मोठ्या बँकेला ५० कोटी युरो कर्जाऊ दिले. तीन दिवसांत तीही बँक सरकारी नियंत्रकांच्या ताब्यात गेली आणि त्या कर्जाचा मोठा भाग बुडाला. त्याआधीच्या काळात बँकांनी एकमेकींनी काढलेले रोखे तारण ठेवून मध्यवर्ती बँकेकडून उचललेली कर्जे वेगळी. त्यांच्या नुकसानीमुळे खुद्द मध्यवर्ती बँकेलाच सरकारी तिजोरीतून सावरावे लागले. पुढे जुन्या बँकांतून देशांतर्गत ठेवी आणि कर्जे काढून तीन नव्या बँका उभारल्या, तेव्हा त्यांतही सरकारने भांडवल घातले. लान्ड्सबांकी या बुडालेल्या आणखी एका बँकेच्या जागी आलेली नवी बँक तर आजही जवळजवळ पूर्णपणे सरकारी मालकीची आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीस टक्क्यांहून कमी असलेले सरकारी कर्ज २०११ पर्यंत ऐंशी टक्क्यांच्या पलीकडे गेले, ते काही न देता गेले नाही.

मग आइसलँडने वेगळे काय केले? ६ ऑक्टोबरच्या कायद्याने ठेवीदारांचा हक्क बँकेकडून पैसे येणे असलेल्या इतरांच्या आधी आणून ठेवला, आणि देशांतर्गत ठेवी पूर्ण सुरक्षित असल्याचे सरकारने जाहीर केले. त्यामुळे बँकांच्या रोख्यांत पैसे गुंतवलेल्या परदेशी संस्थांच्या वाट्याला फार मोठा तोटा आला. आयर्लंडने त्याच सुमारास नेमके उलटे केले. तेथील सरकारने सप्टेंबर २००८ च्या अखेरीस ठेवींबरोबर बँकांच्या रोख्यांचीही हमी घेतली आणि २०१० च्या नोव्हेंबरमध्ये त्याला युरोपीय संघ व नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. या दोन निर्णयांतला फरक खरोखरच अभ्यासण्यासारखा आहे, पण संदेशात त्याचा उल्लेखही नसतो.

शिवाय आइसलँडपुढे पर्याय तरी किती होता? तीन बँकांची एकत्रित मालमत्ता देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नऊ-दहा पट झाली होती आणि लोकसंख्या होती सुमारे ३ लाख २० हजार, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील सोलापूर शहराच्या साधारण एक तृतीयांश. एवढ्या करदात्यांच्या जोरावर त्या बँका तशाच्या तशा वाचवणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. जे करणे अशक्य होते ते न करण्याला धाडसी धोरण म्हणणे मला पटत नाही.

गृहकर्जमाफीचा दावा सर्वांत जास्त लोकांना भावतो, आणि तोच वस्तुस्थितीपासून सर्वांत दूर आहे. आइसलँडमधील बहुतेक गृहकर्जे भाववाढीच्या निर्देशांकाशी जोडलेली असत. भाव वाढले की मुद्दलही त्या प्रमाणात वाढे. २००८ मध्ये क्रोना हे तेथील चलन युरोच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले, आयात महागली आणि जानेवारी २००९ मध्ये वार्षिक महागाई १८ टक्क्यांच्या वर गेली. आपल्या हिशेबात सांगायचे तर २० लाखांच्या अशा कर्जावर वर्षभर १८ टक्के भाववाढ लागू झाली, तर केवळ तेवढ्याने देणे ३ लाख ६० हजारांनी फुगते. हप्ते नियमित भरणाऱ्या कुटुंबाचे देणे वाढत होते, घराची किंमत उतरत होती आणि पगाराची खरेदीशक्ती घटत होती. ज्यांनी येन किंवा स्विस फ्रँकशी जोडलेली कर्जे घेतली होती त्यांची अवस्था याहूनही बिकट झाली.

या कर्जदारांना दिलासा मिळाला, पण तो तुकड्यातुकड्याने, उशिरा आणि वेगवेगळ्या हातांनी. परकीय चलनाशी जोडलेली कर्जे बेकायदा असल्याचा निकाल जून २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. तो सरकारचा निर्णय नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस, घराच्या किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त असलेले देणे कमी करण्याची योजना ठरली. याचा अर्थ असा की घर १०० चे असेल तर ११० पर्यंतचे कर्ज कर्जदाराच्या डोक्यावर कायमच राहिले. निर्देशांकाशी जोडलेल्या कर्जांवर सरसकट म्हणता येईल अशी सूट २०१४ मध्ये, म्हणजे संकटानंतर सहा वर्षांनी आली. तिची कमाल मर्यादा प्रत्येक कुटुंबासाठी ४० लाख क्रोना होती, आणि त्या योजनेचा एक मोठा भाग लोकांनी स्वतःच्याच निवृत्तीवेतनाच्या बचतीतून कर्ज फेडावे व त्यावर करसवलत घ्यावी, असा होता. महाराष्ट्रातल्या २०१७ आणि २०१९ च्या शेतकरी कर्जमाफ्यांतील दीड लाख आणि दोन लाखांच्या मर्यादा, त्यांचे निकष आणि याद्या ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना ‘सगळी कर्जे माफ’ आणि प्रत्यक्षातली योजना यांतील अंतर वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

नाणेनिधीला परत पाठवल्याचा दावा तर सरळ खोटा आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये आइसलँडने नाणेनिधीकडून सुमारे २१० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर करून घेतले, त्याला नॉर्डिक शेजाऱ्यांच्या आणि पोलंडच्या कर्जाची जोड मिळाली, आणि हा कार्यक्रम ऑगस्ट २०११ मध्ये रीतसर पूर्ण झाला. त्याआधी ऑक्टोबरअखेर मध्यवर्ती बँकेने व्याजदर १८ टक्क्यांवर नेला होता. मूल्यवर्धित कराचा वरचा दर २०१० पासून २५.५ टक्के झाला. यात एक गोष्ट मात्र नेहमीपेक्षा वेगळी घडली: भांडवलाच्या मुक्त संचाराचा आग्रह धरणाऱ्या नाणेनिधीने येथे परकीय चलनावरील कडक निर्बंध मान्य केले आणि खर्चकपात सुरुवातीच्या काळात पुढे ढकलू दिली. ते निर्बंध तात्पुरते म्हणून आले होते. ते बहुतांशी उठायला मार्च २०१७ उजाडला.

चलन निम्म्यावर येणे म्हणजे काय, हे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखानदाराला चटकन कळेल. रुपया घसरला की डॉलरमधल्या बिलाचे जास्त रुपये होतात, हे खरे. पण परदेशातून आणलेले यंत्र, त्याचे सुटे भाग आणि घरातला इंधनाचा खर्च हे सारे त्याच वेळी महागते, आणि मागावर बसणाऱ्या कामगाराची मजुरी आपोआप वाढत नाही. आइसलँडच्या मासळी आणि ॲल्युमिनियमच्या निर्यातीला घसरलेल्या क्रोनाने आधार दिला. बाकी बहुतेक वस्तू आयात करणाऱ्या त्या बेटावरच्या ग्राहकाने मात्र त्याची किंमत दुकानाच्या काउंटरवर मोजली. बेरोजगारी दोन-अडीच टक्क्यांवरून आठ टक्क्यांच्या आसपास गेली.

परदेशी देणी नाकारल्याचा मुद्दा आइससेव्ह या खात्यांशी संबंधित आहे. लान्ड्सबांकीने ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये इंटरनेटवरून ठेवी गोळा केल्या होत्या. त्या दोन्ही सरकारांनी आपल्या ठेवीदारांना पैसे दिले आणि सुमारे ३९० कोटी युरोंची भरपाई आइसलँड सरकारकडे मागितली. ब्रिटनने तर दहशतवादविरोधी कायद्याचा आधार घेऊन बँकेची मालमत्ता गोठवली. राष्ट्राध्यक्ष ग्रिमसन यांनी परतफेडीच्या कायद्यावर स्वाक्षरी नाकारली आणि मार्च २०१० व एप्रिल २०११ या दोन सार्वमतांत जनतेने नकार दिला. येथवर संदेश बरोबर आहे. त्यानंतरचे तो सांगत नाही. जानेवारी २०१३ मध्ये एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघटना) न्यायालयाने आइसलँडच्या बाजूने निकाल दिला, पण तो सरकारी हमीपुरता होता. बुडालेल्या बँकेच्या मालमत्तेवरचा ठेवीदारांचा हक्क कायम राहिला आणि त्या मालमत्तेच्या विक्रीतून हे अग्रहक्काचे देणे २०१६ च्या सुरुवातीपर्यंत पूर्ण फेडले गेले. लोकांनी नाकारली ती करदात्यांवरची जबाबदारी. बँकेचे देणे बँकेच्या मालमत्तेतून चुकते झाले, आणि तसेच व्हायला हवे होते.

बँकरांच्या शिक्षांबाबत संदेश बराचसा खरा आहे आणि आइसलँडचे श्रेय येथे मनापासून द्यायला हवे. विशेष अभियोक्त्याच्या पदासाठी पहिली जाहिरात निघाली तेव्हा एकही अर्ज आला नाही. शेवटी आक्रानेस या लहान गावातले पोलीस प्रमुख ओलाफर हाउक्सन यांनी ते काम पत्करले. काउपथिंगमधला ५ टक्के हिस्सा कतारच्या एका शेखाने विकत घेतल्याची घोषणा संकटाच्या तोंडावर झाली होती, परंतु तो पैसा बँकेनेच कर्जाऊ दिलेला होता. या प्रकरणात २०१५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला साडेपाच वर्षांची शिक्षा कायम केली. पंतप्रधान गेइर हार्डे मात्र तुरुंगात गेले नाहीत. विशेष न्यायालयाने २०१२ मध्ये त्यांना एका आरोपात दोषी ठरवले आणि कोणतीही शिक्षा दिली नाही. माध्यमे हे दडवतात म्हणावे, तर संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाचा दोन हजारांहून अधिक पानांचा अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि रेक्याविकच्या नाट्यगृहात कलाकारांनी तो अनेक दिवस अखंड मोठ्याने वाचून दाखवला. भारतातल्या बुडीत बँकांबाबत असा संपूर्ण आणि जाहीर अहवाल मागणे हीच या संदेशातून निघणारी सर्वांत रास्त मागणी ठरली असती.

तीन वर्षांत देश उभा राहिला, याबाबत इतकेच म्हणता येईल की २००९ आणि २०१० मध्ये आक्रसलेली अर्थव्यवस्था २०११ मध्ये पुन्हा वाढू लागली. त्यानंतरच्या भरभराटीत पर्यटनाचा वाटा फार मोठा होता: २०१० मध्ये पाच लाखांच्या आसपास असलेले पर्यटक २०१७ मध्ये वीस लाखांच्या पुढे गेले. त्याचे श्रेय बँकांविषयीच्या धोरणाला देणे ओढूनताणून होईल.

राहिला शेवटचा निष्कर्ष, की भारतानेही बँकांना पैसा देऊ नये. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राने सरकारी बँकांसाठी २ लाख ११ हजार कोटींची भांडवल योजना जाहीर केली, त्यावर टीका जरूर व्हावी. मोठ्या कर्जदारांच्या थकबाकीचा भार करदात्याने का उचलावा, हा प्रश्न योग्यच आहे. पण आइसलँडच्या बँका परदेशी रोख्यांच्या पैशावर फुगल्या होत्या, म्हणून तोटा त्या रोखेधारकांवर ढकलता आला. आपल्या बँकांचा पैसा मुख्यतः देशातल्याच ठेवीदारांचा आहे. येथे बँक नुसती बुडू दिली तर तोटा घ्यायला मधे दुसरा कोणी फारसा उभा नसतो. जेथे असे रोखेधारक होते, तेथे त्यांच्यावर तोटा टाकलाही गेला: मार्च २०२० मध्ये येस बँकेचे सुमारे ८,४१५ कोटींचे विशेष रोखे शून्य करण्यात आले आणि ठेवी वाचल्या. ते प्रकरण पुढे न्यायालयात गेले, ही गोष्ट वेगळी.

सोलापूरला हे उदाहरण दूरचे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने येथील लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळू शकेल, असे सांगितले गेले. हे शक्य झाले, कारण फेब्रुवारी २०२० मध्ये विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली होती. त्यावरची रक्कम असलेल्यांना अवसायकाच्या, म्हणजे बँकेची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कारभाराची वाट पाहावी लागते, आणि पतसंस्थांतील ठेवींना तर हा विमा मुळात लागूच नाही. ज्या गटांवर आइसलँडचा संदेश फिरतो, त्यांतल्या अनेकांची निवृत्तीची रक्कम जादा व्याजासाठी पतसंस्थांतच ठेवलेली असते. त्यांनी मागायचे असेल तर पतसंस्थांच्या ठेवींना कायद्याने बंधनकारक संरक्षण, आणि परवाना रद्द झालेल्या बँकांच्या संचालकांच्या चौकशीचे अहवाल जाहीर करणे, या दोन गोष्टी मागाव्यात. त्या राज्य सरकारच्या आणि रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येतात.