टकलामागचा बांध

माझ्या टकलाचे माझ्याकडे ३१२ फोटो आहेत. सगळे आभाळातून काढलेले.

खरं तर मला फोटो हवा होता सासऱ्यांच्या द्राक्षबागेचा. आबांची बाग नाशिकजवळ मखमलाबादला. तिच्या ओळी वरून कशा दिसत असतील, हा किडा डोक्यात शिरला. ड्रोनचा विषय काढला तर बायको म्हणाली, "आधी गिझर दुरुस्त करा." मग वाचनात आलं की १८८८ साली फ्रान्समध्ये आर्तुर बात्यू नावाच्या गृहस्थाने पतंगाला कॅमेरा बांधून गावाचा फोटो काढला होता. शटर पाडायला त्याने जळती वात लावली होती म्हणे! १९०६च्या भूकंपानंतर जॉर्ज लॉरेन्स नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तर १७ पतंगांच्या जोरावर २२ किलोचा कॅमेरा चढवून अख्खं सॅन फ्रान्सिस्को टिपलं. माझा जुना मोबाइल जेमतेम पावशेराचा. म्हटलं, हे तर घरचंच काम.

पहिला प्रयोग येवल्याहून आणलेल्या पतंगावर केला. त्याने मोबाइलसकट तीन गोते खाल्ले आणि तुळशीवृंदावनात मुक्काम ठोकला. त्याचाही दोष नाही. आपला पतंग काटाकाटीचा, मनगट हललं की वळणारा. फोटोला हवा दावणीला बांधलेल्या बैलासारखा जागेवर उभा राहणारा. तसा जपानी रोक्काकु असतो, सहा कोनांचा, पुरुषभर उंच. बुरुडाकडून कामट्या आणल्या, कापडासाठी दोन छत्र्या फाडल्या. दुसरी छत्री बायकोची होती हे फाडल्यावर कळलं.

कॅमेरा पतंगाला बांधायचाच नसतो. पतंग वर स्थिर झाला की त्याच्याखाली वीसेक मीटरवर, दोरीला टांगायचा. दोरी डोलली तरी तो आडवा राहावा म्हणून पिकावे नावाच्या फ्रेंच माणसाने १९१२ साली एक झोळणा काढला. एक फुली, तिचे चार कोपरे, वर दोन आकडे आणि या सगळ्यांतून घसरत जाणारी एकच अखंड दोरी. फुलीला मी पडद्याचा अॅल्युमिनियम चॅनल कापला, कप्प्यांऐवजी पडद्याच्याच रिंगा. ओवायला तीन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री दोरी बरोबर बसली, फक्त जेवणाचं टेबल आत अडकलं. हॉलला आजही पडदा नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी बागेच्या कडेला उभे राहिलो. भाच्याच्या हातात आसारी, म्हणजे दोरीची फिरकी. मांजाचं काही काम नव्हतं, जाड पॉलिएस्टरची दोरी होती आणि हातात स्कूटरचे मोजे. आबांनी एकच सूचना केली. "जावईबापू, पडलाच तर घडांवर पाडू नका. माल एक्स्पोर्टचा आहे."

वारा गंगापूर धरणाकडून आला आणि रोक्काकु असा चढला की मी चार पावलं फरफटलो. झोळणा टांगला, दर पाच सेकंदाला फोटो लावला, ढील दिली. कुणाचंच काही कटलं नव्हतं, तरी भाचा "वकाट!" म्हणून ओरडला. सव्वीस मिनिटं मोबाइल वर होता. मग वारा पडला आणि सगळं लटांबर सावकाश, अगदी मानाने, शेजारच्या बागेत उतरलं. त्या घराशी आबांचं बोलणं बंद आहे. आणायला अर्थात मी गेलो.

ओट्यावर बसून फोटो पाहिले. वरती जाताच स्क्रू ढिला झाला होता आणि कॅमेरा दोरीच्या मुळाकडे टक लावून बसला होता. मुळाशी मी, खाली मान घालून गुंता सोडवतोय. बायको हसून हसून मोरीत जाऊन आली. भाच्याने एक फोटो फॅमिली ग्रुपवर टाकलासुद्धा.

आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. टक्कल कडेला सरकलं आणि मागचा बांध आला. दोन्ही टोकांना सरळ, मधे मात्र आबांच्या बाजूला चांगला पोट काढून आलेला.

"चार वर्षं सांगतोय मी," आबा पुटपुटले. "कुणी ऐकत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, पुढच्या रविवारी परत उडवायचा. येताना टोपी घाला, ऐन बांधावर उजेड मारतो."