"सागवान सांगून तळाला गुपचूप प्लाय मारला" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री जेवताना मुलाने वाचून दाखवला. दोन स्टार. ड्रॉवर अडकतो, पेटी 19 दिवस उशिरा दिली आणि "7,800 रुपये सागवानाचे घेतले, तळाला गुपचूप प्लाय मारला". पहिल्या दोन गोष्टींची माफी मागतो. ड्रॉवर ही माझीच चूक आहे. मे महिन्यात बसवला तेव्हा एका बोटाने सरकत होता, म्हणून कडेला अर्धाच मिलिमीटर जागा सोडली. पावसाळ्यात लाकूड फुगणार हे मला कोणी शिकवायला नको होतं.

पण "गुपचूप" हा शब्द लागला, सर.

बिल काढून बघा. तिसरी ओळ, माझ्याच अक्षरात: "तळ 6 मिमी मरीन प्लाय, आयएस 710." म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय, आणि त्याच्या भारतीय मानकाचा नंबर. तुमच्यासमोर लिहिलंय. तुम्ही फोनवर होतात, मान हलवलीत. ती मान हलवणं मी होकार समजलो, कदाचित तिथेच चुकलं असेल. तरी लपवायचंच असतं तर बिलावर कशाला लिहिलं असतं?

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना काय पेटी ते कळणार नाही, म्हणून सांगतो. सर मासेमारीचे शौकीन आहेत. गळाच्या बारीक हुकावर दोरा, पिसं, लोकर बांधून नकली किडा करतात, त्याला फ्लाय म्हणतात. आमच्या गावी कोकणात गरीला कोळंबी लावली की झालं, पण ट्राउट माशाला असं चालत नाही म्हणे. तो किडा बांधायचं सगळं सामान एका पेटीत हवं होतं: दोऱ्याच्या रिळांना खुंट्या, हुकांना कप्पे, कोंबड्याच्या मानेच्या पिसांसाठी लांब खण, आणि पुढची फळी उघडली की तिलाच व्हाइस, म्हणजे हुक घट्ट धरून ठेवणारा छोटा शिकंजा, लावून जागेवर काम करता आलं पाहिजे. ही पेटी पाठीवरच्या सॅकमधून हिमाचलला तीर्थन नदीवर न्यायची होती. वजन तीन किलोच्या वर नको, हे सरांनी तीनदा बजावलं होतं.

आता तळाचं. सागवानाची फूटभर रुंद फळी उन्हाळा ते पावसाळा दोन-तीन मिलिमीटर हलते. लाकडाच्या रेषांच्या लांबीत नाही, आडवी. तीच फळी चारही बाजूंनी चिकटवून तळाला बसवली तर पावसात फुगून कोपऱ्याचे डव्हटेल, म्हणजे एकमेकांत अडकवलेले दातेरी सांधे, उघडते, नाहीतर उन्हाळ्यात मधोमध चिरते. चौकटीत सैल बसवता येते, पण त्याला जाड फळी लागते आणि उंची जाते. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून तो जवळपास हलत नाही. जुन्या कपाटांची पाठ चिरलेली कोणी पाहिली असेल त्याला हे लगेच पटेल. आणि वजन: 12 मिलिमीटर सागवानी तळ घातला असता तर तीन-साडेतीनशे ग्रॅम वाढले असते. पेटी आज 2 किलो 900 भरते. म्हणजे तीनच्या वर गेली असती, आणि तेव्हाही तुम्ही रिव्ह्यू लिहिलाच असता.

वजन इतकं काठावर का आलं, तेही सांगतो. सुरुवातीला तुम्ही बैठकीचा व्हाइस सांगितला होता, जड पाटावर उभा राहणारा. त्याचा फोटो पाठवलात. त्या हिशोबाने पुढची फळी 10 मिलिमीटरची केली. जूनअखेर फोन आला की प्रवासाला तो जड पडतो, क्लॅम्पचा, म्हणजे फळीच्या कडेला आवळून बसवायचा, घेतलाय. क्लॅम्प 10 मिलिमीटरच्या फळीला आवळला की फळी वाकते, दाबाचा वळही उठतो. ती फळी काढून 18 मिलिमीटरची केली, बिजागऱ्या बदलल्या, पॉलिश पुन्हा पहिल्यापासून. 19 दिवसांतले 12 त्यात गेले. जास्तीचे पैसे लावले नाहीत. उरलेले सात दिवस माझे, त्याची सबब देत नाही. कारागीर गावी गेला होता एवढंच.

पिसांच्या खणाला आतून देवदार लावलाय, हे रिव्ह्यूत कुठेच आलं नाही. पिसांना कसर लागते, देवदाराच्या वासाने ती लांब राहते. वास उतरला की आतून बारीक पॉलिश पेपर फिरवा, पुन्हा येतो. त्याचे वेगळे पैसे घेतलेले नाहीत. बोलून दाखवायचं नव्हतं, पण "लूट" असं लिहिलंत म्हणून.

ड्रॉवरला तुम्ही खोबरेल तेल लावलंत असं फोनवर म्हणालात. कृपया आणखी लावू नका. तेल लाकडात मुरतं, त्याला धूळ चिकटते आणि ड्रॉवर जास्तच धरतो. साधी पांढरी मेणबत्ती घासली असती तर निदान काम चाललं असतं. आणि पेटी दोन रात्री गाडीत राहिली होती, पावसात, काचा बंद. मी त्याबद्दल काही म्हणत नाही.

ड्रॉवरच्या दोन्ही कडांवरून रंध्याचा एकेक हात फिरवतो, अर्ध्या तासाचं काम आहे, पैसे नाहीत. तुमची सहल सप्टेंबरात आहे असं तुम्हीच सांगितलं होतं, म्हणजे वेळ आहे. यापुढे बिलावर काय-काय लिहिलंय ते गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवू, आणि पावसाळ्याच्या ऑर्डरच्या तारखांचंही काहीतरी बघतो. रिव्ह्यू बदला असं म्हणणार नाही. पण भवानी पेठेत टिंबर मार्केटमागे आमचं छोटं वर्कशॉप आहे, नवीन माणूस आत यायच्या आधी मोबाइलवर हेच वाचतो. निदान "गुपचूप" तेवढं काढता आलं तर बघा.

गुरुवारी बंद असतं. बाकी कधीही सकाळी दहानंतर या. आणि येताना व्हाइस घेऊन या, फोटो नको.

आपला,
वर्कशॉपचा मालक