चाळिशीवर चष्मा, चष्म्यावर चष्मा

आमचे मोठे साहेब जर्मनीला हॅनोव्हरच्या प्रदर्शनाला गेले की मेंटेनन्सवाल्यांच्या पोटात गोळा येतो. कारण साहेब परत येताना दोनच गोष्टी आणतात, ऑफिसवाल्यांसाठी चॉकलेटं आणि आमच्यासाठी काम. यावेळी कॅटलॉग आणला होता, त्यावर एक गोरा कामगार, डोक्याला हेल्मेट, डोळ्यासमोर इवलासा स्क्रीन, अंगावरच्या कपड्यांना तेलाचा एक डाग नाही, आणि हसतोय. मी २२ वर्षं मेंटेनन्समध्ये आहे, मशीन बंद असताना हसणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

"स्मार्ट ग्लासेस," साहेब म्हणाले. "चार आठवडे ट्रायल घ्या, इव्हॅल्युएशन रिपोर्ट द्या."

आता माझी परिस्थिती सांगतो. वय ४७. चाळिशी लागून पाच वर्षं झाली, म्हणजे जवळचं वाचायला एक चष्मा आहे. कारखान्याच्या शॉपमध्ये जाताना त्याच्यावर सेफ्टी गॉगल. आता त्याच्यावर हा तिसरा. पहिल्या दिवशी तिन्ही घालून आरशात बघितलं तर नेत्ररुग्णालयातून अर्धवट उपचार सोडून पळालेला पेशंट. आणि त्या स्क्रीनवर दिसलं काय म्हणाल, तर 'वेलकम'. तेही धूसर.

डेमोवाला पोरगा चांगला होता हो, त्याला दोष नाही. तो म्हणाला सर आधी तुमचा डॉमिनंट आय कुठला ते बघू. दोन्ही हात लांब करून तळव्यांचा त्रिकोण करायचा, त्यातून लांबची एखादी वस्तू बघायची, मग एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याने वस्तू त्रिकोणातच राहते तो आपला मुख्य डोळा, स्क्रीन त्याच्यासमोर लावायचा. बहुतेकांचा उजवा असतो म्हणे. झालं, दहा मिनिटांत अख्खी फर्स्ट शिफ्ट हात लांब करून, एक डोळा मिटून, त्रिकोणातून क्वालिटीच्या केबिनकडे बघत उभी. क्वालिटीच्या मॅडमनी एचआरला फोन लावला. तो विषय मिटवायला मला दोन मेल आणि एक समक्ष माफी लागली.

रिपोर्ट लिहायचा तर अभ्यास पाहिजे म्हणून रात्री घरी बसून मी तुलनेचा तक्ता करायला घेतला. आणि तिथेच गंमत कळली, की हे प्रकरण आजचं नाहीच. बोईंग कंपनीत विमानाच्या वायरिंगचे जुडगे बांधायला भल्यामोठ्या फळ्या वापरायचे, त्या फळ्यांऐवजी वायर कुठून कुठे न्यायची ते कामगाराच्या डोळ्यासमोरच दाखवावं ही कल्पना तिथल्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ च्या पेपरात मांडली, 'ऑगमेंटेड रिॲलिटी' हा शब्दच तिथून आला. म्हणजे मी कॉलेजला जायच्या आधीपासून कामगाराला चष्मा लावायचा बेत शिजतोय. मग २०१५ साली कुरिअरवाल्या डीएचएलने नेदरलँड्समधल्या एका गोदामात रिको कंपनीच्या मालासाठी असे चष्मे वापरून पाहिले, कुठल्या रॅकमधून काय उचलायचं ते डोळ्यासमोर, हात मोकळे, आणि माल काढायचं काम २५ टक्क्यांनी वाढलं. हे वाचून मीही जरा हुरळलो. पण तक्त्याचे पुढचे कॉलम भरायला गेलो तर गुगलने कारखान्यांसाठी काढलेल्या चष्म्याची विक्री मार्च २०२३ मध्ये बंद केलेली. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २, साडेतीन हजार डॉलर, वजन ५६६ ग्रॅम (अर्धा किलो कांद्याची पिशवी कपाळाला बांधून आठ तास काम करा असं मला कोणी सांगितलं तर मी काय म्हणेन ते इथे लिहिता येत नाही), त्याचंही उत्पादन २०२४ मध्ये थांबलेलं. लग्न जमवायला बसावं आणि यादीतली एकेक स्थळं आधीच उरकलेली निघावीत असं झालं.

आमच्याकडे ट्रायलला आलेला चष्मा तिसऱ्याच कंपनीचा. हलका, हेल्मेटला क्लिपने बसणारा, एकाच डोळ्यासमोर स्क्रीन, आणि सगळं बोलून चालवायचं. हातात ग्लोव्ह्ज असले तरी चालतं. तत्त्वतः.

मंगळवारी सकाळी तो बॉक्स घेऊन डेमोवाला गेटवर आला. आता चाकणच्या कुठल्याही कंपनीत गेलात तर गेटवर काय होतं? मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर. सिक्युरिटीवाले काका इमानदार माणूस, त्यांनी चष्मा उलटासुलटा करून बघितला, कॅमेरा सापडला, लावलं स्टिकर. वर शिक्का. वर सही. पोरगा बिचारा "अंकल, इसका कामही कॅमेरा है" म्हणत होता, काका म्हणाले मग तुमचा काम गेटच्या बाहेर करा. शेवटी मी प्लांट हेडची सही आणली, मग आयटीची, मग ज्या कस्टमरचे पार्ट आम्ही दाबतो त्यांचं ड्रॉइंग कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून क्वालिटीची (मॅडमनी सही केली, पण माझ्याकडे बघितलं नाही). स्टिकर निघायला तीन दिवस. ट्रायलच्या २८ दिवसांतले तीन दिवस चष्मा आंधळा.

स्टिकर निघालं तसं युनियनचे प्रतिनिधी आले. हा कॅमेरा चहाला किती वेळ गेलो ते मोजतो का? म्हणलं नाही. संडासला? म्हणलं अहो नाही. रेकॉर्डिंग कुणाकडे जातं? इथे मात्र मी अडकलो, कारण प्रश्न शंभर टक्के बरोबर होता आणि तो आमच्या इव्हॅल्युएशन फॉर्मच्या ४२ मुद्द्यांमध्ये कुठेच नव्हता. मग लिहून दिलं, की फक्त ब्रेकडाउनच्या वेळी, फक्त मशीनचं, आणि घालणाऱ्याने स्वतः चालू केलं तरच.

मुख्यतः घालणार कोण, तर बारक्या. आयटीआय करून आलेला, बीडकडचा, वीस वर्षांचा, माकडासारखा कुठेही चढतो. आणि तो ज्याच्या हाताखाली शिकतो ते आमचे फिटर मामा. मामांची रिटायरमेंट पुढच्या वर्षी. गुडघे दोन वर्षांपूर्वीच रिटायर झालेत. मामांचं डोकं आणि बारक्याचे पाय एकत्र आले की आमचा एक पूर्ण फिटर होतो, आणि खरं सांगायचं तर या चष्म्यात मला थोडा रस वाटला तो त्याचसाठी. बारक्या वर चढेल, मामा खाली बसून टॅबलेटवर बघतील, सांगतील.

पण आधी बारक्याचं आणि चष्म्याचं जमायला हवं ना. प्रेस शॉपमध्ये आवाज इतका, की नियमाने आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे ती मोजायलाही मीटर कानाला लावून ओरडावं लागतं. कंपनीचा दावा की माइक गोंगाट गाळून फक्त माणसाचा आवाज घेतो. आणि घेत होता हो! फक्त कुठल्या माणसाचा ते त्याला कळत नव्हतं. बारक्या व्हिडिओ चालू करायचा आणि शेजारून फोर्कलिफ्ट मागे घेताना कोणीतरी "स्टॉप! स्टॉप!" ओरडायचं, की रेकॉर्डिंग बंद. बारक्याचं "ब्याक" त्याला अजिबात पटत नव्हतं. "ब्याक. ब्याक! अरे ए, ब्याक ना बाबा!" शेवटी त्याने डेमोवाल्याची हुबेहूब नक्कल करत बंगलोरच्या सुरात नाजूकपणे "बॅssक" म्हणलं, आणि स्क्रीन लगेच मागे गेला. तेव्हापासून बारक्या चष्मा लावला की वेगळ्याच माणसासारखा बोलतो. मीही घरी सराव करायचो, तर एका रात्री झोपेत "स्क्रोल डाउन" म्हणालो म्हणे, बायकोने पांघरूण खाली ओढलं.

त्यात मे महिना. पत्र्याची शेड. घामाने सेफ्टी गॉगलला वाफ धरते, त्याच्यापुढे असलेला स्क्रीन म्हणजे धुक्यातला मैलाचा दगड. शिवाय चष्मा एक आणि शिफ्टा तीन. आयपी ६६ आहे, म्हणजे धूळ आत जात नाही, पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी चालतं. खोबरेल तेलाबद्दल त्या आकड्यात काही नाही. तीन शिफ्टमधली नऊ डोकी फिरून आलेल्या त्या पट्ट्यावरून आठवडाभरात भजी तळता आली असती. मग प्रत्येकाने आपापला रुमाल आधी डोक्याला बांधायचा असं ठरलं आणि शॉप फ्लोअरवर भविष्यकाळ आला तो असा, डोक्याला मुंडासं, त्यावर हेल्मेट, त्यावर कॉम्प्युटर.

तिसऱ्या आठवड्यात ४०० टनी हायड्रॉलिक प्रेस आजारी पडला. पंप आवाज करत होता, प्रेशर वरखाली. त्याची ऑइल टाकी वर, माथ्यावर, शिडी चढून जायचं. म्हणलं हीच ती वेळ. बारक्या चढला. मामांना मेंटेनन्सच्या केबिनमध्ये, मशीनपासून लांब, टॅबलेट देऊन बसवलं. प्लास्टिकच्या डब्यावर बसवलं, कारण आमच्या केबिनमध्ये खुर्ची एकच आहे आणि तिचं चौथं चाक २०१९ पासून येतंय.

पहिलं मिनिट झकास. चित्र आलं. मामा म्हणाले, "अरे, हे तर वरचं दिसतंय की सगळं!" दोन वर्षांनी त्यांनी आपला प्रेस वरून बघितला, चेहरा असा काही खुलला की मी तिथेच मनातल्या मनात पाचपैकी पाच देऊन टाकले. दुसऱ्या मिनिटाला बारक्या इकडेतिकडे बघायला लागला. कॅमेरा डोक्यावर, डोकं वीस वर्षांचं, क्षणभर म्हणून स्थिर नाही. घाटातल्या एसटीच्या शेवटच्या सीटवर बसल्यासारखं मामांना गरगरायला लागलं. "मान हलवू नको रे गाढवा, मळमळतंय मला!" बारक्याने मान धरली. इतकी धरली की पुढची तीन मिनिटं आम्ही फक्त एक नट बघत होतो.

मग मामांनी चित्र थांबवून बोटाने गोल काढला, इथला गेज दाखव म्हणून. गोल वर पोचला. तेल चांगलं, लेव्हल बरोबर, गळती नाही. मामा म्हणाले, "बरं, आता गप बस. आवाज ऐकू दे पंपाचा."

शांतता.

"मशीन बंद केलं का रे?"

"नाय मामा, चालू हाय. कान फुटायलेत इथं."

"मग मला का येत नाय ऐकू?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. माइक गोंगाट गाळतो. कंपनी मोठ्या कौतुकाने सांगते तसाच गाळतो. तज्ज्ञ मंडळींनी वर्षानुवर्षं खपून त्या चष्म्यातून नेमकी तीच एक गोष्ट पुसून टाकली होती जिच्यावर आमचे मामा ३४ वर्षं पगार घेतायत. मामा स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगणारा माणूस, त्यांना आम्ही मूकपट दाखवत होतो. साधा मोबाइल लावून बघितला, तोही गाळणारच. सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं तर पासवर्ड डेमोवाल्याकडे आणि डेमोवाला बंगलोरच्या विमानात.

मामा दोन मिनिटं टॅबलेटकडे बघत बसले. मग म्हणाले, "बारक्या, तोंडानं काढून दाखव."

"काय?"

"आवाज, आवाज! पंप कसा बोलतोय ते तोंडानं काढ."

माणसाचा आवाज चष्मा गाळत नाही. वरून बारक्याने घसा साफ केला आणि सुरू झाला, "खर्रर्रर्र... खर्रर्रर्र... खड-खड-खड..." "मध्ये शिट्टी हाय का?" "नाय मामा, शिट्टी नाय, डब्यात खडी घालून हलवल्यावानी." "लोड आल्यावर वाढतंय?" "वाढतंय. खर्रर्रर्रखडखडखड!" हे चालू असताना केबिनच्या दारात मोठे साहेब, सोबत कस्टमरकडचे दोन पाहुणे. त्यांना स्मार्ट ग्लासेस दाखवायला आणलं होतं. आत एक म्हातारा डब्यावर बसून डोळे मिटून ऐकतोय आणि टॅबलेटमधून एक मुलगा खडी दळतोय.

मामांनी डोळे उघडले. "सक्शन स्ट्रेनर चोकप झालाय साहेब. पंपाला तेल पुरं पडत नाय, पोकळी धरतोय." काढला तो स्ट्रेनर, म्हणजे पंपाकडे जाणारं तेल गाळणारी जाळी, खरंच लेपाटलेला. धुतला, बसवला, प्रेस पाऊण तासात चालू. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेब इंग्रजीत काहीतरी रिमोट असिस्टन्सबद्दल बोलले, मी मान डोलावली.

शेवटच्या दिवशी फॉर्म भरायचे होते, एक ते पाच गुण. मामांनी सगळ्या ४२ मुद्द्यांना ३ दिले. म्हणलं का हो मामा? म्हणाले, "मधलं दिलं की कोणी बोलावून विचारत नाय." बारक्याने सगळीकडे ५, फक्त 'भाषा' पुढे शून्य, आणि बाजूला पेनाने 'ब्याक'. मी सेफ्टीचे चार मुद्दे वाढवले, चष्मा लावून शिडी चढायची नाही, आधी चढायचं मग लावायचा वगैरे, कारण एका डोळ्यासमोर स्क्रीन असला की त्या बाजूची पायरी दिसत नाही, हे माझ्या नडगीने सिद्ध केलं होतं. आणि शिफारशीत लिहिलं: चष्मे २, टॅबलेट १, गोंगाट गाळणं बंद करायचं बटण बाहेरच्या बाजूला, आणि हात असलेली खुर्ची १.

चष्म्यांची फाइल कॅपिटल मंजुरीला गेली, ती अजून मुंबईतच आहे, पेबॅक किती महिन्यांत, म्हणजे घातलेले पैसे कधी वसूल होणार, ते विचारतायत. खुर्ची पाच हजारांच्या आतली, माझ्याच सहीत बसली, चार दिवसांत आली. डेमोवाला बॉक्स घेऊन गेला आणि बंगलोरहून त्याचा फोन, "सर, डिव्हाइसला कसला वास येतोय?"

परवा प्रेस पुन्हा कुरकुरला. मामा खुर्ची उचलून घेऊन थेट प्रेसच्या पायथ्याशी जाऊन बसले, बारक्या वर चढला, टाकीपाशी पोचला, घसा साफ केला आणि सवयीने सुरू झाला, "खर्रर्रर्र... खट... खर्रर्रर्र..."

"अरे बंद कर की ते!" मामा खालून ओरडले, "मशीन ऐकू येईना मला तुझ्यामुळं!"