जेरियाट्रिक्सचे रेसिडेंट ही मेडिसिनची राखीव फौज नाही

आज एका कॉलेजमधल्या निवासी डॉक्टरांच्या बैठकीत काय झालं ते कळलं आणि तेव्हापासून डोकं तापलंय. कॉलेजचं नाव लिहीत नाही, नागपूरकरांनी कमेंटमध्ये अंदाजही बांधू नयेत. जेरियाट्रिक्सच्या, म्हणजे वृद्धांच्या आजारांवरच्या शाखेच्या, ज्युनियर डॉक्टरांनी प्रतिनिधींच्या समितीत एक जागा मागितली. उत्तर आलं, "तुम्ही आहातच किती? मेडिसिनचा प्रतिनिधी बोलेल ना तुमच्या वतीनं." आणि लगेच पुढचा विषय घेतला.

मेडिसिनचा प्रतिनिधी कसा बोलेल? रात्रीच्या कॅज्युअल्टीला त्याच्याकडे हात कमी पडतात, आणि ते हात जेरियाट्रिक्समधूनच उचलले जातात. ज्याला तुमची माणसं हवी आहेत, तोच तुमची बाजू मांडणार!

ही मागणी करणाऱ्यांत एक दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट होती. मे महिन्यात तिला वॉर्डात सगळ्यांसमोर बोलणी बसली, कारण एका पेशंटजवळ तिनं पाऊण तास घालवला. ती पेशंट म्हणजे भंडाऱ्याकडची ८२ वर्षांची आजी, वजन ४२ किलो. केसपेपरवर शेरा होता 'अशक्तपणा'. नातेवाईकांना सांगितलं होतं, वय झालंय. आजी पडून असायची, कुणाला त्रास नाही, आरडाओरडा नाही. असा शांत डिलिरियम (आजारपणात अचानक येणारा मनाचा गोंधळ) राउंडमध्ये हमखास सुटतो, कारण जो पेशंट सलाईन उपसून काढतो त्याच्याकडेच सगळे धावतात.

त्या मुलीनं काय केलं? आजीला रविवारपासून उलटे वार म्हणायला लावले. शनिवारच्या पुढे गाडी सरकेना, म्हणजे लक्षच टिकत नव्हतं. स्मरणशक्तीच्या चाचणीतलं घड्याळाचं चित्र काढायला लावलं नाही, कारण जिनं आयुष्यात पेन्सिल धरली नाही तिचं चुकलेलं घड्याळ काहीच सांगत नाही. मग मुलाला औषधांची पिशवी पलंगावर रिकामी करायला लावली. बीपीसाठी एमलोडिपिन होतं. त्यानं पाय सुजले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी पाण्याची गोळी दिली. (एमलोडिपिनची सूज रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे येते, अंगात पाणी साठल्यामुळे नाही. त्या गोळीनं सूज हटत नाही, नुसती लघवी वाढते.) रात्री चारदा उठावं लागतं म्हणून तिसऱ्यांनी झोपेची गोळी लिहिली. गुडघ्यांसाठी प्रीगॅबालिन (मज्जातंतूंच्या दुखण्यावरची, गुंगी आणणारी गोळी) ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. वर नागपूरचा मे महिना. म्हातारपणी तहान कमी लागते आणि पाण्याची गोळी मात्र सुरूच.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी रक्तात मोजतात ते, स्नायूंतून येतं) १.०, रिपोर्टवर 'नॉर्मल'. आता हिशेब करा. १४० मधून वय वजा करा, वजनानं गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिननं भागा, बाई आहे म्हणून ०.८५ नं गुणा. मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग येतो मिनिटाला २९ मिलिलिटरच्या आसपास. मूत्रपिंडाचं काम इतकं उतरलेलं असताना प्रीगॅबालिनचा दिवसाचा १५० मिलिग्रॅमचा डोस ही वरची मर्यादा झाली, सुरुवातीचा डोस नव्हे. अंगावर मांसच नसेल तर क्रिएटिनिन वाढणार कुठून?

औषधं क्रमानं कमी केली. झोपेची गोळी एकदम बंद केली नाही, उतरवत नेली. गुदद्वार तपासलं तर मळाचा खडा अडकलेला, त्यानं लघवीही तुंबलेली. तो मोकळा केला, कॅथेटर (लघवीची नळी) लगेच काढला, चष्मा घरून मागवला, दिवसा खुर्चीत बसवलं. आठवडाभरात आजी नातवंडांची नावं घ्यायला लागली. हे सगळं त्या पाऊण तासात सापडलं, ज्यासाठी पोरीला रागावलं गेलं.

कॅज्युअल्टीला मनुष्यबळ कमी आहे, मान्य. पण त्याची किंमत आजीनं का द्यावी?

१९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात मार्जोरी वॉरेन यांनी खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्यांना एकेक करून तपासलं आणि कितीतरी जणांना उभं केलं. १९४७ साली, म्हणजे आपलं नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज उभं राहिलं त्याच वर्षी, तिकडे या शाखेच्या डॉक्टरांची संघटना झाली. आपल्याकडे मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयाचं एमडी १९९६ ला सुरू झालं. वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमानं जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वॉर्ड मांडला. त्या खाटांशी उभं राहायला शिकलेला डॉक्टर कुठून येणार, हे कुणी बघायचं?

शिकवायचं म्हणजे काय, तेही लिहितो. आठवड्यातून दोन ओपीडी अशा हव्यात जिथे नव्या पेशंटला किमान ४५ मिनिटं मिळतील आणि त्या वेळेत रेसिडेंटला कुणी दुसरीकडे बोलावणार नाही. झोपवून पाच मिनिटांनी बीपी, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसायला किती सेकंद लागतात ते. मनोविकार, न्यूरोलॉजी, फिजिओ, पॅलिएटिव्ह (बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करणारा विभाग) आणि मोडलेल्या खुब्याचे पेशंट असलेला ऑर्थोचा वॉर्ड, सगळीकडे पोस्टिंग. जिल्ह्यातली सक्तीची तीन महिन्यांची पोस्टिंग त्या १० खाटांच्या वॉर्डातच. आणि लॉगबुकमध्ये किती सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घालायच्या नळ्या) टाकल्या एवढंच नको, किती औषधं विचार करून थांबवली तेही हवं.

ही पोरं जिद्दीची आहेत. पैसा नाही, प्रोसिजर नाही, घरचे विचारतात कार्डिओलॉजी का नाही. तरी ती म्हाताऱ्यांचा हात धरून बसतात. त्यांना बघितलं की राग ओसरतो थोडा.

पण जागा द्यायलाच हवी. प्रतिनिधी एचओडीनं (विभागप्रमुखानं) नेमलेला नको, रेसिडेंटनी निवडलेला हवा, नाहीतर तो ड्युटीच्या तक्त्याविरुद्ध तोंड उघडणार नाही. दुसऱ्या वर्षाचा हवा. तिसऱ्या वर्षाचा थिसिस आणि परीक्षेत बुडालेला असतो, पहिल्या वर्षाला झोप मिळाली तरी पुष्कळ. एका कॉलेजात दोन-चारच असतील तर राज्यभरच्या जेरियाट्रिक्सच्या रेसिडेंटनी मिळून मार्डकडे (निवासी डॉक्टरांच्या राज्य संघटनेकडे) एक सामायिक प्रतिनिधी मागावा.

पुढच्या बैठकीला जे जाणार आहेत त्यांनी हा विषय अजेंड्यावर लेखी घ्यायला लावा. तोंडी मागणीची नोंद इतिवृत्तात येत नाही. सोबत गेल्या तीन महिन्यांचे ड्युटीचे तक्ते जोडा, जेरियाट्रिक्सचा रेसिडेंट किती रात्री दुसऱ्या युनिटला होता ते लाल पेननं खूण करून.